पाचट दिसतं, पिन दिसत नाही

नोव्हेंबर उजाडला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात दोन गोष्टी होतात. एक, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. दोन, कुठल्यातरी चौकात साहेब लोक उसाच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर चिकटवतात, शेजारी ड्रायव्हर कसनुसं हसत उभा राहतो, फोटो निघतो, पेपरात येतो. पंधरा दिवसांत त्या रिफ्लेक्टरवर चिखल बसतो. मग मार्चपर्यंत रस्त्यावर जे काही होतं, त्याला आपण 'अपघात' म्हणतो.

माझा या शब्दावरच आक्षेप आहे.

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो, नोन बग. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला, कागदावर नोंदलेला, आणि तरीही दर रिलीजला 'पुढच्या वेळी बघू' म्हणून ढकललेला दोष. तो फुटला की कुणी 'अरेरे, दुर्दैव!' म्हणत नाही, मॅनेजर थेट विचारतो, माहीत होतं तर दुरुस्त का नाही केलं? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आपली पद्धत हा असाच नोन बग आहे. फक्त तिथे मॅनेजर कोण, हे कुणी विचारत नाही.

हिंजवडीत किंवा बाणेरला बसून वाचणाऱ्या मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगतो. ट्रॉलीला स्वतःचं इंजिन नसतं. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकही नसतो. दिवा असलाच तर त्याची वीज ट्रॅक्टरकडून येते. थोडक्यात काय, तर पुढच्या ट्रॅक्टरशी तिचं सगळं नातं एका लोखंडी पिनवर टिकून असतं. ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास, आणि मागे दोन ट्रॉल्या मिळून दहा टनांच्या वर ऊस. थांबायचं म्हटलं की हा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थांबवायचा. आणि ती पिन? कुठे जुना बोल्ट, कुठे कापलेल्या सळईचा तुकडा. खाली क्लिप नाही, वरून नुसती टाकलेली. खड्ड्यात आदळली की उडते.

बरं, नीट जोडणं फार अवघड आहे का? अजिबात नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

जमीन सपाट बघायची आणि ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. (आपल्याकडे नेमकं तिथेच एक बारकं पोरगं दांडी धरून 'येऊ द्या, येऊ द्या' करत उभं असतं. क्लचवरचा पाय जरासा सटकला की संपलं.) दांडीचं कडं हुकात बसवायचं, योग्य जाडीची पिन वरून घालायची आणि खालून क्लिप लावायची. कडं झिजून लांबट झालं असेल तर बदलायचं. दांडीखालून दोन साखळ्या फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे पिन निघालीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल हवी, पण जमिनीला घासेल इतकी नको. मग लाइटची वायर जोडायची आणि मागे चालत जाऊन दिवा लागला का ते डोळ्यांनी बघायचं.

आणखी दोन गोष्टी. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडायची. ओढ वरून लागली की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, आणि पुढची चाकं हवेत गेल्यावर स्टिअरिंग हे फक्त हात टेकायला उरतं. ट्रॉलीचा भार हुकावर फार आला तरी तेच होतं. उलट सगळा ऊस मागे लादला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. दुसरं म्हणजे ब्रेक. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात झटकन वळता यावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पायट्यांमधला खटका लावून त्या एक करायच्या असतात. तो खटका न लावता घाईत एकाच पायटीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत आडवी येते.

आता जरा गणित, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१. तुम्ही दिवाळीला रात्री गावी निघालात, वेग ताशी ९० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. समोर ताशी २० ने जाणारी बिनदिव्याची, मातीच्या रंगाची ट्रॉली. ती तुमच्या डिपरच्या उजेडात ५० मीटरवर दिसली असं धरू. तुमच्या हातात साधारण अडीच सेकंद. त्यातला दीड सेकंद मेंदूने ओळखण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यात जातो. उरला एक. आणि ती ट्रॉली पिन निघून रस्त्यात उभी असेल तर? मग एकूण दोनच सेकंद, उरला अर्धा. ट्रॅक्टरपासून सुटलेल्या ट्रॉलीचा दिवा, असला तरी, त्याच क्षणी विझलेला असतो. त्या अर्ध्या सेकंदात तुमच्या बाजूने फक्त रिफ्लेक्टर असतो, कारण त्याला वीज लागत नाही. तो चिखलाखाली आहे.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, नंबर लागतो, मागे लाल रिफ्लेक्टर लागतात. म्हणजे कायदा आहे. पण एमएच-३८ पासिंगच्या किती ट्रॉल्यांच्या मागे वाचता येईल असा नंबर आहे, हे पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा स्वतःच मोजा.

आणि ट्रॉली हे माल नेण्याचं वाहन आहे, माणसं नेण्याचं नाही. तरी ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसूनच कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ती विहिरीत कोसळली. सात जणी गेल्या. तिथे पिन तुटली असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की राज्य सरकारचे पाच लाख आणि पंतप्रधान निधीतले दोन लाख लगेच जाहीर झाले. मेल्यानंतरची यंत्रणा आपल्याकडे तयार आहे. निघण्याआधीची नाही.

गंमत बघा. २०२१ मध्ये आपल्याच राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माझ्या ऑफिसातले दोघे-तिघे आता गाडीमागे जोडायच्या कॅम्पर ट्रेलरचे व्हिडिओ बघत असतात. त्या व्हिडिओत परदेशातले निवृत्त आजोबा निघण्यापूर्वी एकेक गोष्ट तपासतात. गोळ्यावर कडी बसली का, खटका लागला का, साखळ्या फुलीत आहेत का, ट्रेलर सुटलाच तर त्याचे स्वतःचे ब्रेक लावणारी तार जोडली का. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर आहे ना, हेसुद्धा बघतात. सहलीला निघालेल्या माणसाला एवढी तपासणी, आणि ऊस ओढणाऱ्या पोराला काय? 'चल लवकर, नंबर जाईल!'

इथे नेहमीची उत्तरं येतात. 'ड्रायव्हर पितात.' काही पीत असतील. पण शुद्धीत असलेल्या ड्रायव्हरच्या हातात तरी तुम्ही कुठे धड पिन दिली आहे? 'शेतकऱ्यावर आणखी बोजा नको.' अहो, पिन, क्लिप, साखळ्या, दोन दिवे आणि रिफ्लेक्टर मिळून एका नव्या टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत. वाहतूकदाराला हंगामाआधी लाखांत उचल देणाऱ्या व्यवस्थेने बोजाची भाषा करू नये. तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: 'आपले लोक ऐकत नाहीत.'

हे साफ खोटं आहे. आपले लोक ऐकतात. कुणाचं ऐकतात? वजनकाट्याचं!

मागच्या हंगामात चुलतभावाबरोबर एका कारखान्याच्या काट्यावर मी दोन तास उभा होतो. नाव मुद्दाम घेत नाही. कॉम्प्युटरवर शेतकऱ्याचा कोड, वाहतूकदाराचा कोड, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, सगळं किलोच्या हिशेबात नोंदलं जात होतं. पाचट जास्त दिसलं की बाचाबाची, मशीनने तोडलेला ऊस असेल तर वजनात कपात. म्हणून शेतकरी पाचट काढून ऊस आणतो. त्यासाठी कुणी जनजागृती सप्ताह भरवला नव्हता. त्याच काट्यावर, त्याच माणसासमोरून, सळई घातलेल्या ट्रॉल्या एकामागून एक गेल्या. कुणी मान वळवली नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हायवेवर रात्री ट्रॅक्टर अडवून काही होणार नाही. तिथे होते ती चिरीमिरी. पण उसाची प्रत्येक ट्रॉली, एकही न चुकता, काट्यावर येऊन थांबतेच. तिथल्या त्या स्क्रीनवर चार रकाने वाढवा: क्लिपसह पिन, साखळ्या, मागचा दिवा, पुसलेला रिफ्लेक्टर. पहिल्या खेपेला ताकीद, सामान तिथेच गेटवर विकत द्या आणि वाहतुकीच्या बिलातून कापा. दुसऱ्या खेपेपासून चार रकाने भरल्याशिवाय वजनाची पावती निघणार नाही. एवढा बदल करायला आमच्यातला कुठलाही फ्रेशर एक दिवस घेईल, तोही चहासकट. साखर आयुक्तांनी एका परिपत्रकाने हे राज्यभर सक्तीचं करावं, आणि सुटलेल्या ट्रॉलीने माणूस मेला तर शेवटची पावती कुणी फाडली हे पोलिसांनी आधी विचारावं.

कारखाना सहकारी असेल तर तुमचे बाबा, काका, मामा यांपैकी कुणीतरी सभासद असेलच. वार्षिक सभेत सगळे भावावर बोलतात. बोलायलाच हवं. पण यंदा त्यांना आणखी एक प्रश्न लिहून द्या: आपला काटा पाचट ओळखतो, मग पिन का ओळखत नाही?