पावणेचार मिलिमीटरचा फंडा

ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये कॅरम असतो, टीटीचं टेबल असतं (त्यावर बहुतेक वेळा टिफिन ठेवलेले), आणि एका कोपऱ्यात डार्टबोर्ड असतो. एक डार्ट बोर्डात, दोन भिंतीत. संध्याकाळचा कॉल संपला की तीन-चार जण जमतात, हरणारा चहा पाजतो, विषय संपला. पण त्या घोळक्यात एक जण असतोच, जो चहासाठी खेळत नाही. बाकीचे निघून गेले तरी तो परत परत त्याच आकड्यावर नेम धरत बसतो. आजचा कॉलम त्याच्यासाठी. किंवा तिच्यासाठी!

आधी बेसिक्स. बोर्डाचा मधला ठिपका जमिनीपासून १.७३ मीटर उंच, फेकणाऱ्याची रेघ बोर्डापासून २.३७ मीटर लांब. यापेक्षा वेगळं काही असेल तर ते 'आमच्या ऑफिसचे नियम'. खेळ ५०१ पासून सुरू होऊन शून्यावर यायचा आणि शेवटचा डार्ट बाहेरच्या अरुंद डबल रिंगमध्ये किंवा अगदी मधल्या बुलमध्येच लागायला हवा. एका खेपेला तीन डार्ट्स, त्यात जास्तीत जास्त १८०. म्हणजे नऊ डार्ट्सपेक्षा कमीत कुणीच गेम संपवू शकत नाही. हिशोब करून बघा, आठ डार्ट्सचे फार तर ४८० होतात.

इंग्लंडात या टाइमपासला शिडी आहे. पबमधली लीग, मग काउंटी, मग क्यू-स्कूल. तिथे जिंकलात तर दोन वर्षांसाठी टूर कार्ड. अशी कार्डं असलेले प्रोफेशनल्स फक्त १२८. ल्यूक लिटलर हा पोरगा जानेवारी २०२४ मध्ये सोळाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचला आणि हरला. पुढच्या वर्षी मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ ने हरवून जिंकला, २०२६ ला पुन्हा जिंकला आणि दहा लाख पौंड घेऊन घरी गेला. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या त्या स्टेजवर आपला नितीन कुमारही एकापेक्षा जास्त वेळा खेळलाय. तिथलं रात्रीचं सेशन आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात दुसऱ्या दिवशीचं नऊचं स्टॅण्डअप गेलंच म्हणून समजा.

आता भंडाऱ्यात बसून हे करायचं म्हटलं तर? पबची लीग सोडाच, रात्री अकरानंतर चहाची टपरी उघडी सापडली तरी नशीब. बोर्ड ऑनलाइन मागवता येतो, भिंत घरचीच असते. पण पहिल्या पायरीनंतर दुसरी पायरी कुठेय? मित्र विचारणारच, 'कशाला बे?' आणि त्याला द्यायला उत्तर नसतं.

उत्तर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, नागपुरात. फक्त खेळ थोडा बदलावा लागतो.

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. नागपूरचा २१ वर्षांचा ओजस देवतळे कंपाऊंड तिरंदाजीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल खेळत होता. पंधरा बाण, प्रत्येकी दहा गुण. समोरच्या पोलंडच्या लुकाश प्रिझिबिल्स्कीने १४९ केले. म्हणजे पंधरापैकी एकच बाण नऊवर गेला. एवढं करून तो हरला, कारण ओजसने १५० पैकी १५० केले! त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली होती. त्याआधी या स्पर्धेत एकाही भारतीयाला वैयक्तिक गोल्ड मिळालेलं नव्हतं, आणि एका दिवसात दोन आली, दोन्ही महाराष्ट्रात.

कंपाऊंड म्हणजे पुराणातलं धनुष्य नव्हे बरं का. दोन्ही टोकांना चाकं, त्यावरून फिरणाऱ्या केबल्स, भिंगाची साइट, आणि दोरी बोटाने न सोडता हातातल्या रिलीजने सोडायची. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे वजन एकदम हलकं होतं, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. लोक म्हणतात, मशीनच तर आहे, त्यात काय! त्यात हे की टार्गेट ५० मीटरवर असतं आणि दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. डार्ट्सच्या २.३७ मीटरवर आणलं तर ते भरतं जेमतेम पावणेचार मिलिमीटर. डार्टबोर्डावरची ट्रेबल रिंग ८ मिलिमीटर रुंद असते, आणि आपण तीही चुकवतो. इथे एका बाणाला २० सेकंद, वर वारा.

पण या खेळाला आपल्याकडे शिडी आहे. शालेय स्पर्धा, जिल्हा, राज्य, नॅशनल्स, मग सिलेक्शन ट्रायल्स. सुरुवात लाखाच्या वर जाणाऱ्या कंपाऊंड किटने करावी लागत नाही, साध्या बांबूच्या धनुष्याचा 'इंडियन राउंड' असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात तिरंदाजी बसते. घरच्यांना पटवताना हा मुद्दा मेडलपेक्षा जास्त चालतो, अनुभवी मंडळी सांगतील.

फक्त शिडीच्या सगळ्या पायऱ्या एका गावात नाहीत. ओजस नागपूर सोडून साताऱ्याला गेला, प्रवीण सावंत यांच्या अ‍ॅकॅडमीत. आठशे किलोमीटरच्या आसपास. अदिती तिथलीच. नागपुराहून साताऱ्याला जावं लागलं, तर लाखनी-साकोलीच्या मुलीने किती गाड्या बदलायच्या, हा प्रश्न आपल्या क्रीडा खात्याला कुणीतरी विचारायला हवा. दर वेळी एखाद्या बापाने घर हलवायचं, हे काही धोरण होत नाही.

'आमचं वय गेलं हो' म्हणणाऱ्यांसाठी एक वेगळी फायनल. ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, एशियन गेम्स. ओजसच्या समोर अभिषेक वर्मा, वय ३४, नोकरी इन्कम टॅक्स डिपार्टमेंटमध्ये. ओजस १४९-१४७ ने जिंकला. एक २१ वर्षांचा पोरगा आणि एक सरकारी नोकरदार, मध्ये फरक दोन गुणांचा! अर्थात वर्मासाहेब २०१४ च्या एशियन गेम्समध्येही टीमचं गोल्ड घेऊन आलेले, रविवारचे हौशी नव्हेत. पण फाइल्स आणि बाण एकत्र चालतात, एवढं सिद्ध झालं. ओजसने त्या गेम्समध्ये टीम आणि मिक्स्ड टीम धरून तीन गोल्ड्स घेतली, टीममध्ये त्याच्यासोबत बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही होता. विदर्भवाल्यांनी त्या आठवड्यात कॉलर जरा वर ठेवली, तर काय चुकलं?

आणि मग सप्टेंबर २०२५. वर्ल्ड चॅम्पियनशिप कोरियातल्या ग्वांगजूला. भारताच्या पुरुषांनी फ्रान्सला २३५-२३३ ने हरवून कंपाऊंड टीमचं पहिलंवहिलं गोल्ड घेतलं. टीममध्ये ऋषभ यादव, अमन सैनी आणि महाराष्ट्राचा प्रथमेश फुगे. ओजस नाही. दोन वर्षांपूर्वी १५० पैकी १५० मारणारा वर्ल्ड चॅम्पियन त्या टीममध्येच नव्हता! या खेळात जुना स्कोअर कुणाला दाखवून उपयोग नाही. ट्रायल्सला गेलात की प्रत्येकाचा आकडा शून्यापासून. आपल्या अप्रेझलमध्ये असं झालं असतं तर एचआरच्या दाराबाहेर रांग लागली असती.

आता सगळ्यांचे डोळे लॉस एंजलिसवर आहेत. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड पहिल्यांदाच येतंय, पण फक्त मिक्स्ड टीममध्ये. एका देशाची एकच जोडी, एक मुलगा, एक मुलगी. मुलांमध्ये ओजस, जावकर, फुगे, ऋषभ, अमन आणि जागा एक. मुलींमध्ये अदितीच्या समोर ज्योती सुरेखा वेन्नम, जिच्यासोबत ओजसने २०२३ मध्ये अंताल्या आणि शांघाय अशी लागोपाठ दोन वर्ल्ड कप गोल्ड्स जिंकली.

तोवर कोपऱ्यातल्या बोर्डासमोर उभ्या असलेल्या मित्राला सांगा, भिंतीतले दोन डार्ट्स काढ आणि आधी टेपने २.३७ मीटर मोज. धनुष्य हातात घ्यायचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं ऑफिस भंडाऱ्यातच आहे. वर्किंग डेला जावं लागेल, हाफ डे टाका.