आकाशातले चोर

२०२४ सालच्या ज्येष्ठ-आषाढात बीड जिल्ह्यातील कित्येक गावांनी रात्रीची झोप सोडून आभाळाकडे डोळे लावले होते. गेवराई तालुक्यात, त्याच्या आसपास आणि गोदावरीपलीकडे जालना जिल्ह्यातही रात्री आकाशात दिवे फिरतात, ते ड्रोनचे दिवे आहेत, त्यांच्या साह्याने चोर घरांची टेहळणी करतात आणि मागाहून येऊन घरे फोडतात, असा बोलबाला झाला. तरुण मंडळींनी काठ्या घेऊन गस्त घालण्यास प्रारंभ केला. प्रश्न विधानसभेपर्यंत पोचला. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नये असे आवाहन केले. वर्तमानपत्रांनी 'रहस्यमय' हे विशेषण जितके दिवस खपले तितके दिवस खपविले. आणि पुढे पेरणीची कामे व निवडणुकांची धामधूम यांत सगळेच ते विसरून गेले.

गोष्ट शिळी झाली, आता ती उकरून काय साधावयाचे, असे कोणी विचारील. आमच्या मते ती शिळी झाली हेच वाईट झाले. हजारो माणसांनी आपल्या डोळ्यांनी काहीतरी पाहिले आणि ते काय होते हे एकेका गावाला एकेका दिव्यापुरते समजावून सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य कितीही वेळा उच्चारले तरी त्यात उत्तर नाही. ज्याने दिवा पाहिला त्याला तुम्ही 'दिवा नव्हता' असे सांगू लागलात, तर तो तुमच्यावरचा विश्वास तेवढा सोडतो. दिव्यावरचा सोडीत नाही.

या प्रकरणात दोन पक्ष पडले होते, आणि आम्हाला दोघांशीही भांडावयाचे आहे. पहिला पक्ष चोरांचा. त्याच्याविषयी पुढे बोलू. दुसरा पक्ष आमच्या-तुमच्यासारख्या सुशिक्षितांचा. पुण्यामुंबईस आरामखुर्चीत पडून हा पक्ष म्हणाला, "खेडवळ लोक! शुक्राची चांदणी पाहिली असेल." ऐकावयास हे शास्त्रीय वाटते. वस्तुतः २०२४ च्या ४ जूनला शुक्र सूर्याच्या बरोबर मागे गेलेला होता, आणि त्या सबंध महिन्यात तो सूर्याच्या तेजात इतका बुडालेला होता की रात्री दिसण्याची सोयच नव्हती. पंचांग उघडून पाहण्याचे श्रमही ज्याने केले नाहीत त्याने दुसऱ्यास अडाणी म्हणावे, हा मोठाच विनोद आहे. न पाहता 'चोर' म्हणणे आणि न पाहता 'शुक्र' म्हणणे यांत आम्हाला तरी फारसा फरक दिसत नाही.

मग त्या रात्री आकाशात होते काय? शनी मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेस उगवत होता; मंगळ आणि गुरू पहाटे. संध्याकाळ सरता सरता स्वातीचा तेजस्वी तारा बीडच्या जवळजवळ डोक्यावर येत होता, आणि अभिजित ईशान्येकडून वर चढत होता. यांपैकी एकही नवा नाही. नवी होती ती पाहण्याची रीत. त्यात दिवस आषाढाचे. ढग सारखे धावत असतात. धावत्या ढगांच्या फटीतून एकटाच तारा दिसला की ढग स्थिर वाटतात आणि ताराच पळतो आहे असे वाटते. तो ढगाआड गेला की 'दिवा विझविला', बाहेर आला की 'पुन्हा लावला'. क्षितिजालगतचा तेजस्वी तारा तर वातावरणाच्या जाड थरातून पाहावा लागत असल्यामुळे तांबडा-हिरवा लुकलुकतो. ड्रोनलाही तांबडे-हिरवे दिवे असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आणखी पुरावा कशाला हवा?

परंतु याची परीक्षा करणे इतके सोपे आहे की ती कोणी केली नाही याचेच नवल वाटते. हात पुढे ताठ करून मूठ वळली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश व्यापते. तारा किंवा ग्रह तासाला सुमारे पंधरा अंश, म्हणजे दीड मूठ सरकतो. घराच्या आढ्याचे टोक किंवा लिंबाची एखादी फांदी खूण म्हणून धरावी, एका जागी बसावे आणि तासाभराने पुन्हा पाहावे. दिवा दीड मुठीच्या आसपास पश्चिमेकडे कलला असेल, आणि दुसऱ्या रात्री त्याच जागी चार मिनिटे लवकर आला, तर तो चोर नव्हे. याला दुर्बीण लागत नाही, दिल्लीहून पथक यावे लागत नाही. शाळेतला एक मास्तर आणि त्याची दहा मुले पुरतात. काठ्या घेऊन रात्रभर जागणाऱ्या तरुणांपाशी वेळ होता, उत्साह होता, मनगटावर घड्याळे होती. एवढी एक युक्ती मात्र त्यांना कोणी सांगितली नव्हती.

येथे 'खेडवळ' या शब्दाचा समाचार घेणे प्राप्त आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या अवधीत लडाखच्या सीमेवर आमच्या सैन्याने आकाशात ३२९ वेळा तेजस्वी वस्तू पाहिल्याची नोंद केली, आणि ती हेरगिरी करणारी चिनी ड्रोने असावीत असा संशय धरला. हे पाहणारे खेडवळ नव्हते. सीमेची राखण हाच त्यांचा धंदा. अखेरीस बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स या संस्थेतील ज्योतिर्विदांनी निर्णय दिला की ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र होत. सैन्याला याची लाज वाटण्याचे कारण नाही. त्यांनी प्रत्येक दर्शनाची नोंद ठेवली, आणि शंका आली तेव्हा जाणत्यास विचारले. म्हणून तर उत्तर मिळाले. बीड जिल्ह्यात नोंद ठेवली ती मोबाइलच्या कॅमेऱ्याने. काळ्या पडद्यावर थरथरणारा एक पांढरा ठिपका, ना दिशा, ना वेळ, ना शेजारी एखादे झाड. आणि तो ठिपका ज्यांनी दहा-दहा ठिकाणी धाडला त्यांत पदवीधर थोडे नव्हते.

"अहो, पण सगळ्या गावाने पाहिले," असा एक आक्षेप नेहमी येतो. तो बिनतोड वाटतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. अंधारात एकच बारीक दिवा टक लावून पाहिला तर तो मुळीच हलत नसताही हलतो आहे असे डोळ्यांना वाटते. आजूबाजूस खूण नसली की नजरेला आधार राहत नाही. मुझफ्फर शेरीफ नावाच्या, जन्माने तुर्की, मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली या भ्रमावर प्रयोग प्रसिद्ध केले. माणसे एकेकटी बसवली तेव्हा दिवा किती हलला याचे अंदाज ज्याचे त्याचे निराळे आले. तीच माणसे एकत्र बसवून मोठ्याने अंदाज सांगावयास लावली, तेव्हा ते अंदाज हळूहळू एकमेकांच्या जवळ येऊन एकच झाले. कोणी खोटे बोलत नव्हते. आणि दिवा तर जागचा हलला नव्हता! म्हणजे सगळ्या गावाचे एकमत होते यावरून दिवा हलला असे ठरत नाही. गाव एके ठिकाणी जमून बोलत होते एवढेच ठरते. साक्षी घ्यावयाच्याच तर माणसे पारावर जमण्यापूर्वी, एकेकाला वेगळे गाठून घ्याव्या.

ताऱ्यांखेरीजही आकाशात दिवे असतात, आणि ते खरोखरच हलतात. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी विमाने मराठवाड्यावरून जातात. त्यांच्या डाव्या पंखावर तांबडा, उजव्यावर हिरवा व शेपटीस पांढरा दिवा असतो, आणि उंची फार असल्यामुळे आवाज उशिरा येतो अथवा येतच नाही. बालाघाटाच्या डोंगरात मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरणारी गाडी दुरून पाहावी. डोंगर अंधारात नाहीसा झालेला असतो आणि दिवे तेवढे अधांतरी खाली येतात. आता पवनचक्क्यांवरच्या तांबड्या दिव्यांची त्यात भर पडली आहे. २०१९ च्या मे महिन्यात स्टारलिंकच्या पहिल्या साठ उपग्रहांची माळ आकाशात सोडली गेली. तेव्हापासून मोत्यांच्या सरासारखी ओळ चाललेली पाहून जगभर लोक चकित होतात. पूर्वी अमावास्येला वेताळाची पालखी टेंभे घेऊन निघते असे आजी सांगत असे. आजीची पालखी निदान कोणाचे घर फोडीत नव्हती.

२ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे लोखंडी वाटणारे एक मोठे कडे पडले. त्याही रात्री उल्का, क्षेपणास्त्र, विमान असे अनेक तर्क झाले. परंतु तेथे वस्तू हाती होती. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा असे जाणकारांनी काळ-वेळ जुळवून दाखविले. उत्तर साधेच निघाले, पण ते क्षुल्लक नव्हते. शेजारच्या राष्ट्राचे भंगार आमच्या गावातल्या अंगणाशेजारी पडू शकते, ही गोष्ट कोणत्याही भुताहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. साधे कारण सांगितले की मौज गेली असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि ड्रोन खरोखरच असेल तर? असेलही, आम्ही ते नाकारीत नाही. लग्नसमारंभात ड्रोन उडते, पिकावर औषध फवारावयास उडते, गावठाणाच्या मोजणीसही ते उडालेले आहे. पण मग त्यालाही ड्रोनचेच नियम लागू करा. साधारण ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते. जवळून गेले तर त्याची भुणभुण ऐकू येते. आणि ते उडविणारा माणूस फार लांब असत नाही. रात्रभर एका जागी लटकलेला दिवा ड्रोनचा नव्हे, हे एवढ्यानेच सिद्ध होते. उलट वीस मिनिटे भुणभुणत फिरून एका दिशेस उतरलेला दिवा ड्रोनचा असू शकतो, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याच्या मालकास जाब विचारता येतो. म्हणजे चौकशी केल्याने खरा अपराधी सुटत नाही. केल्यानेच तो सापडण्याचा संभव. शंभर ताऱ्यांच्या गर्दीत एक खरे ड्रोन लपून जाते, आणि चोराला यापरते काय हवे?

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. गस्त घालणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याचे घर रानात एकटे आहे, ज्याच्या लेकीच्या लग्नाचे दागिने पत्र्याच्या पेटीत आहेत, त्याची भीती खरी असते. परंतु आकाशातला चोर हाती लागत नाही. म्हणून मग जमिनीवर जो हाती लागेल तो चोर ठरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार केले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांची हत्या झाली. तेथेही चोर आल्याची आवई आधी उठलेली होती आणि गावे जागत होती. या जागत्या गावांत आणि गेवराईच्या जागत्या गावांत काय अंतर होते? त्या रात्री अनोळखी वाटसरू आला नाही, एवढेच. दैव बलवत्तर म्हणावयाचे आणि स्वस्थ बसावयाचे, हे आम्हाला मान्य नाही.

'रहस्यमय प्रकाश' असा मथळा देणाऱ्या संपादकांनी हा हिशेब मनात धरावा. त्यांच्या बातमीदाराने किती वाजता, कोणत्या दिशेस, किती वेळ, हे विचारलेले आम्हाला क्वचितच आढळले. 'ग्रामस्थ भयभीत' एवढे मात्र न चुकता आढळले.

वाईट याचेही वाटते की ज्या लोकांना आपण हसतो त्यांच्यापाशी आकाशाचे ज्ञान एके काळी आपल्याहून अधिक होते. तिकांडे कोठे आले यावरून रात्र किती सरली ते सांगणारी माणसे याच मुलखात होती. सप्तर्षींच्या चौकोनाला ती म्हातारीचे खाटले म्हणत, आणि मागच्या तीन ताऱ्यांना ते खाटले पळवू पाहणारे चोर. आकाशात चोर आमच्या बापजाद्यांनीही पाहिले होते. पण तीनच, नेहमीचे, आणि त्यांचे उगवणे-मावळणे पाठ असलेले. शाळेने ते खाटले मोडले आणि त्या जागी सूर्यमालेचा तक्ता भिंतीला टांगला. तो दिवसा पाहावयाचा असतो.

दसरा उलटला की याच बीड जिल्ह्यातून लाखो माणसे उसाच्या तोडणीस बाहेर पडतात. बायकामुले, भांडीकुंडी आणि सरपण यांसह ती ट्रक-ट्रॅक्टरवर बसून रात्री-अपरात्री पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या परक्या शिवारात उतरतात. तेथे त्यांना कोणी ओळखत नाही. भल्या पहाटे, आकाश अजून काळे असताना, फडात काम सुरू होते आणि गाडी भरावयास पुष्कळदा रात्र होते. त्या गावांतल्या लोकांनाही मग दूर अंधारात हलणारे दिवे दिसतात. ते बीडच्या माणसांच्या हातातल्या बॅटऱ्यांचे असतात.