झोपडी आडवी आली म्हणे!

"कळवा-ऐरोली मार्ग झोपडपट्टीमुळे रखडला." हे वाक्य इतक्यांदा कानावर आदळलंय की आता आपलेच लोक ते बोलू लागलेत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून नवी मुंबईत कामाला जाणारे आपले तरुण ठाण्याला गाडी बदलताना चेंगरतात आणि शिव्या घालतात कळव्याच्या झोपडीवाल्याला. व्यवस्थेला यापेक्षा आणखी काय हवं?

आधी हिशोब पाहू. एमयूटीपी-3 ला डिसेंबर 2016 मध्ये मंजुरी मिळाली. खर्च 10,947 कोटी. विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आणि ऐरोली-कळवा जोडमार्ग, सगळं त्यातच. हा जोडमार्ग झाला तर कल्याणकडचा माणूस ठाण्याला न उतरता थेट वाशी-पनवेलकडे जाईल. 2024 च्या जानेवारीत दिघा गाव स्थानक सुरू झालं. कळव्याकडचा भाग मात्र पुनर्वसनाच्या घोळात अडकला.

आता शेजारी बुलेट ट्रेन ठेवा. सुरुवातीचाच अंदाज 1 लाख 8 हजार कोटी. म्हणजे लाखो कष्टकऱ्यांचा रोजचा प्रवास सुधारणारी अख्खी एमयूटीपी-3 तिच्या जेमतेम एक दशांश! पैसा नाही, हे कारण मग कुणाला सांगता?

बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 98 हजार होती. 2011 ला ती 1 लाख 74 हजारांवर गेली. हे लोक आभाळातून पडले नाहीत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले, आणि श्रमिक माणूस रुळाच्या कडेकडेने बाहेर फेकला गेला. ज्याला हप्ता परवडला तो बदलापूरला गेला. ज्याला तोही परवडला नाही, तो कळव्यात रुळालगत राहिला. दोघांना एकाच हाताने ढकललंय. मग भांडण दोघांत का लावता? कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला 2019 ला मंजुरी मिळाली. अंतर अवघं 14 किलोमीटर. बिल्डरचे मजले मात्र कुठल्याच मंजुरीसाठी इतके थांबले नाहीत.

मित्रांनो, पूल बांधताना सिमेंटचा खर्च कुणी 'अडथळा' म्हणत नाही. मग माणसाच्या घराचा खर्च अडथळा कसा? पुनर्वसन हा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातला पहिला रकाना असला पाहिजे. पहिल्या एमयूटीपीत रुळांलगतच्या हजारो कुटुंबांना घरं दिली गेली. ती घरं कोंदट होती, कामापासून दूर होती, त्यावर टीका झालीच पाहिजे. पण घर देता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. आज अडचण इच्छाशक्तीची आहे.

रेल्वे हा आपला प्रश्न नाही, असं म्हणणाऱ्यांनी मनमाड आठवावं. 1938 च्या फेब्रुवारीत जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन राहतो, साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, हेही त्यांनी तिथेच मांडलं. रूळ टाकणारे हात आपले, रुळालगतची झोपडी आपली, दारात लटकणारं शरीरही आपलं. आणि निर्णयाच्या टेबलावर आपण कुठे?

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. कळव्याच्या पात्र कुटुंबांना आधी त्याच परिसरात घर, मगच बुलडोझर. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मुद्रांक शुल्काबरोबर 1 टक्का मेट्रो उपकर घेता येतो, तर लोकलसाठी स्वतंत्र निधी का नाही? पण तो घर घेणाऱ्या कारकुनाच्या खिशातून नको. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' अशी पाटी लावून ज्यांनी जमिनीचे भाव दुप्पट केले, त्या बिल्डरांच्या वाढीव चटईक्षेत्रावर अधिमूल्य लावा आणि तो पैसा फक्त लोकलला द्या. नव्या मार्गांवर साध्या गाड्या वाढवा. सगळ्यांनाच एसीचं तिकीट परवडत नाही.

पुढच्या वेळी डब्यात कुणी "झोपडी आडवी आली" म्हणालं तर गप्प बसू नका. त्याला विचारा, झोपडी रुळाच्या आडवी आली, की रूळ आखणाऱ्याच्या नकाशात माणूसच नव्हता?

जय भीम!