थोरल्याचा सदरा

आमच्या घरी दिवाळीला कापड फाडले जाई ते एकाच सदऱ्यापुरते, आणि तो सदरा माझा असे. मी थोरला. गेल्या वर्षीचा माझा सदरा आई उसवी, बाह्या आखूड करी, कोपराला ठिगळ लावी आणि धाकट्याच्या अंगात घालून म्हणे, "बघ, अगदी नव्यासारखा!" धाकटा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो आईकडे बघे आणि हसे. मीही हसे. बालाघाटाच्या डोंगरातल्या त्या कोरडवाहू गावात ही रीत घरोघर होती, आणि तिच्यात काही अन्याय आहे असे आईला, वडिलांना किंवा मला कधी वाटले नाही. धाकट्याला काय वाटत होते, हे कुणी विचारले नाही.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण आमचे जावई. गेल्या दिवाळीत ते आमच्या लेकीला घेऊन पुण्याहून बीडला आले. फराळ चालू असता गोष्ट निघाली विमानांची. मी सहज म्हटले की, विमान कंपन्या नवी विमाने मोठ्या शहरांना देतात आणि आडवळणी गावांसाठी उरलीसुरली ठेवतात, हे काही बरे नव्हे. जावईबापू हिशेबाच्या कामात मुरलेले गृहस्थ. चिवड्याचा घास हातातच थांबवून म्हणाले, "मामा, नवी वस्तू जिथे भाडे येते तिथेच जाणार. साधा हिशेब आहे. त्यात राग कशाचा?" दिवाळीला आलेल्या जावयाशी वाद घालू नये, असा संकेत आहे. मी चकल्यांचे ताट पुढे सरकवले आणि गप्प बसलो. पण तो वाद पोटात राहिला. वर्षभर मिळेल ते वाचले, आणि आता उत्तर देत आहे. मासिकातून दिले म्हणजे घरात सौभाग्यवतींचा रोष ओढवणार नाही.

हा धंदा चालतो कसा, ते आधी पाहू. त्याचे शास्त्र अमेरिकेत पूर्णत्वाला गेले. अमेरिकन, डेल्टा, युनायटेड या तेथल्या थोरल्या कंपन्या. लहान गावांतले उतारू गोळा करून मोठ्या विमानतळावर आणून सोडण्याचे बरेचसे काम त्या स्वतः करीत नाहीत. ते फीडर कंपन्यांकडे असते. फीडर म्हणजे आपल्याकडचा ओढा म्हणा. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, तसेच हे. विमानावर रंग आणि नाव थोरलीचे, राबणूक धाकटीची. पुष्कळदा विमानही थोरलीच विकत घेते आणि मग ते कोणत्या धाकटीच्या हाती द्यायचे हे ठरवते. कसोटी दोन गोष्टींची: कोण कमी पैशांत उडवील, आणि कोणाकडे वैमानिक हजर आहेत. २०१४ साली अमेरिकन कंपनीच्या स्वतःच्याच मालकीच्या एन्व्हॉय या फीडरच्या वैमानिकांनी वेतनात तडजोड करणारा करार मतदानाने नाकारला. त्या कराराच्या पाठोपाठ नवी एम्ब्रेअर जेट विमाने यायची होती. ती आधी दुसऱ्यांकडे वळली. म्हणजे नवे विमान हे केवळ वाहन राहिले नाही. ते बैलापुढे धरलेली वैरण झाले.

याहून मासलेवाईक गोष्ट पुढे आहे. थोरल्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या करारांत एक कलम घालून घेतले आहे: फीडरच्या विमानात ७६ हून अधिक आसने नसावीत आणि त्याचे कमाल वजन ८६,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ३९ टनांवर जाऊ नये. त्यांची भीती खोटी नाही. आपले काम स्वस्तातल्या धाकट्यांकडे जाईल, ही ती भीती. पण परिणाम पाहा. ब्राझीलच्या एम्ब्रेअर कारखान्याने ई-१७५चा नवा, कमी इंधन जाळणारा अवतार आखला. तो या वजनात बसेना. म्हणून अमेरिकेच्या फीडरांकडे तो गेला नाही. जुन्याच नमुन्याची विमाने त्या घेत राहिल्या. हा करार झाला तेव्हा टेबलाच्या एका बाजूला कंपनी होती, दुसऱ्या बाजूला वैमानिक. ज्या गावात ते विमान उतरायचे त्या गावचा माणूस तेथे कोणत्याच बाजूला नव्हता.

आता आपल्या घरी या. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून १९८१ साली 'वायुदूत' काढली. हेतू चांगला होता: प्रथम ईशान्येकडची, मग देशभरची लहान गावे जोडायची. पुढे कानपूरला बांधलेली छोटी डॉर्नियर विमाने तिला मिळाली खरी, पण थोरल्या घरची जुनी फोकर विमानेही तिच्याच अंगावर आली. ती कंपनी पुढल्या दशकात मिटली. मग १९९६ साली इंडियन एअरलाइन्सने 'अलायन्स एअर' काढली आणि नवी एअरबस विमाने स्वतःकडे ठेवून जुनी बोइंग ७३७ तिच्या अंगात घातली. बाह्या आखूड केल्या, इतकेच. १७ जुलै २००० रोजी पाटण्याला या कंपनीचे वीस वर्षे वयाचे बोइंग वस्तीवर कोसळले आणि ६० माणसे गेली. चौकशीत वैमानिकांची चूक ठरली; मी त्या अपघाताचे खापर विमानाच्या वयावर फोडणार नाही. पण वीस वर्षांचे विमान थोरलीकडून धाकटीकडेच का यावे, हा प्रश्न कोणत्याही चौकशीने मिटत नाही.

पुढे 'उडान' योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची जी पहिली उड्डाणे झाली, त्यांत आमच्या मराठवाड्यातले नांदेड होते. ट्रूजेट कंपनीचे पंख्याचे एटीआर विमान हैदराबादला जाऊ लागले. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांसाठी अडीच हजारांच्या आसपास भाडे, आणि तोटा भरून काढायला तीन वर्षे सरकारी मदत. ट्रूजेट २०२२ साली बंद पडली. नांदेडला जाग आली ती २०२४ साली, जेव्हा स्टार एअरची लहान जेट विमाने तेथे उतरू लागली. ही एकट्या नांदेडची कहाणी नव्हे. महालेखापरीक्षकांचा २०२३ सालचा अहवाल सांगतो की, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले, त्यांतले ३७१ सुरू झाले, तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पुरी केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यापुढे तग धरून होते ते ५४. पुष्कळ ठिकाणी विमानतळच तयार नव्हते, हे खरे. पण विमान भाड्याने मिळायला लागणारा वेळ, सुटे भाग परदेशातून येईपर्यंत होणारा खोळंबा, ही कारणे सरकारने संसदेतही दिली आहेत. भाडे ठरले, मदत ठरली, उद्घाटन झाले; अंगात घालायला सदराच नव्हता.

बीडला तर विमानतळच नाही. मग तुम्ही का ओरडता, असे जावईबापू विचारतील. ओरडतो अशासाठी की, विमानाला जो न्याय तोच रुळांना आणि तोच रस्त्याला. एस. टी. १ जून १९४८ रोजी सुरू झाली ती पुणे–अहमदनगर रस्त्यावर. त्या दिवशी बीड निजामाच्या राज्यात होते, तेव्हा तक्रार नाही. पण वातानुकूलित 'शिवनेरी' आली ती मुंबई–पुणे मार्गावर, आणि १ जून २०२२ रोजी विजेवरची पहिली 'शिवाई' निघाली तीही पुण्याहून नगरलाच. नव्या वाहनाला बालाघाट चढण्याची जणू मनाईच आहे! अहमदनगर–बीड–परळी लोहमार्ग मंजूर झाला १९९५ साली. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये, बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी. शेजारच्या जालन्याला 'वंदे भारत' डिसेंबर २०२३ मध्येच मिळाली होती. आम्हाला तीस वर्षांनी डेमू मिळाली. मी तिला नावे ठेवीत नाही. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी फलाटावर म्हाताऱ्या बायांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिले तेव्हा मीही डोळे पुसले आहेत.

आता हिशेबाची बाजू. जावईबापूंचा पहिला मुद्दा, नवी वस्तू भाडे येईल तिथे. ठीक. पण भाडे कोठे येते? जिथे वाहन वेळेवर येते तिथे. आठवड्यातून चारदा जाणारे आणि त्यांतून दोनदा रद्द होणारे विमान कोण धरील? लोक खासगी गाडी करतात, रात्रीची ट्रॅव्हल्स धरतात. मग कंपनी बोट दाखवते: बघा, येथे उतारू नाहीत! विहिरीला पोहरा द्यायचा नाही आणि विहिरीत पाणी नाही म्हणून लिहून ठेवायचे, असा हा हिशेब आहे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. नव्या वाहनाचे सुटे भाग, शिकलेले कारागीर मोठ्या ठिकाणी असतात. एका जातीची वाहने एकत्र ठेवली की खर्च कमी येतो. हे मला मान्य आहे. पण याच न्यायाने उलटे व्हायला हवे. वरचेवर बिघडते ते जुने वाहन. त्याला रोज हात लावावा लागतो, अनुभवी मिस्त्री लागतो, भागांचा साठा लागतो. मग जुने वाहन तिथेच ठेवा ना, जिथे तुमची कार्यशाळा आहे! जिथे मिस्त्री एक, पाना एक, आणि बदली वाहन एकही नाही, तिथे ज्याला दुरुस्ती कमी लागते असे नवे वाहन पाठवा. आज होते ते असे की, ज्याच्या घरी वैद्य त्याला निरोगी मूल आणि ज्याच्या घरी वैद्य नाही त्याला आजारी.

तिसरा मुद्दा मी माझ्याविरुद्धच मांडतो. नवे म्हणजे चांगलेच, असे नव्हे. अमेरिकेत १९९०नंतर पन्नास आसनांच्या छोट्या जेट विमानांची लाट आली. दिसायला चकचकीत, वेगाला उत्तम. पुढे इंधन महागले, तेव्हा एवढ्या थोड्या आसनांवर तो खर्च निघेना. ती विमाने निघाली आणि कित्येक लहान गावांची सेवाही त्यांच्याबरोबर गेली. दोन-तीनशे मैलांच्या पल्ल्याला पंख्याचे विमान कमी इंधनात जाते आणि आखूड धावपट्टीवर उतरते. तेव्हा आमचा हट्ट जेटचा नाही. धाकट्याला थोरल्याइतकाच भारी सदरा हवा, असे मी म्हणत नाही. त्याच्या मापाने शिवलेला हवा, एवढेच म्हणतो.

म्हणून माझ्या तीनच मागण्या आहेत. जिथे सरकारी पैसा लागतो, तिथे कोणते वाहन कोणत्या मार्गाला आणि का दिले, त्याचे वय किती, हे दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवा. लहान मार्गाला एक वाहन देऊ नका. एक आणि एक बदली, अशी जोडी द्या, कारण ज्याच्याकडे एकच बैल त्याची पेरणी बैल बसला की थांबते. आणि शेवटचे, ओढा मध्येच तोडू नका. नांदेडला विमान उतरले, परळीला गाडी थांबली, पण तिथून धारूरच्या डोंगरातल्या वस्तीला जाणारी बस वेळेवर नसेल तर वरच्या सगळ्या थाटमाटाचा आम्हाला उपयोग काय?

यात पैशांपेक्षा मोठे काय आहे, ते सांगतो आणि आवरतो. १९७२च्या दुष्काळात मी मॅट्रिकला होतो. घरात एकाचीच फी भरता येत होती. वडिलांनी हिशेब केला: थोरला हुशार, मार्क मिळतात, पैसा तिथेच लावावा. साधा हिशेब! धाकटा शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. त्याला मार्क का मिळत नव्हते? फाटकी पुस्तके माझी, तुटकी पाटी माझी, आणि अभ्यासाच्या वेळी गुरे त्याच्याकडे. मी मास्तर झालो, निवृत्तिवेतन खातो. तो चाळीस वर्षे दसऱ्यानंतर बायकोसह कोयता घेऊन पश्चिमेच्या कारखान्यांवर ऊस तोडायला गेला. या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे जातात, तशी. त्यांच्यासाठी वाहन असते ते ट्रक नाही तर ट्रॅक्टर. नव्या-जुन्याचा प्रश्नच नाही.

बीडला रेल्वे आल्यावर मी त्याला नगरपर्यंत घेऊन गेलो. खिडकीशी बसवले. मोठ्या उत्साहाने डब्यांची माहिती सांगू लागलो. त्याने थोडे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, नवी-जुनी मला नाही कळत. ही रोज येईल का, येवढं सांग."

मला उत्तर देता आले नाही. हिशेब जाणणाऱ्यांनी ते द्यावे. जावईबापू, या दिवाळीलाही अगत्य यावे. धाकट्यासाठी यंदा कापड आणले आहे. शिंप्याला घरी बोलावून त्याच्याच अंगावर माप घेतले आहे. आयुष्यात प्रथमच. माप देताना तो इतका अवघडून उभा होता, की हात कोठे ठेवावेत हे त्याला कळेना.