टेंभलीचा अंगठा

शहादा तालुक्यातले टेंभली हे गाव नंदुरबार जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. २९ सप्टेंबर २०१० रोजी ते देशभर पोहोचले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी गावात आले आणि रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ज्यांच्याकडे स्वतःची ओळख सांगणारा कागद नाही, त्यांना ओळख मिळेल, मधले दलाल जातील आणि हक्काचे धान्य-पैसे थेट हातात पडतील, असे तेव्हा सांगितले गेले. पुढच्या काळात पत्रकार अनेकदा सोनवणे यांच्या दारी गेले. कार्ड मिळाले, परिस्थिती मात्र फारशी बदलली नाही, असेच त्यांचे म्हणणे बातम्यांतून येत राहिले.

मी आधारच्या विरोधात नाही. माझ्या खिशातही ते कार्ड आहे आणि कागद नसल्यामुळे दारोदार हेलपाटे मारणारी माणसे मी पाहिली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. टेंभलीत अंगठा मागितला तो सरकारने, रेशनसाठी. आज तोच अंगठा, तोच चेहरा, तोच मोबाइल नंबर प्रत्येक दुकानदार, प्रत्येक कंपनी मागते आहे. आणि आपल्याला देण्याची इतकी सवय झाली आहे की ‘कशासाठी?’ हा प्रश्नच आपण विसरलो आहोत.

मागच्या वर्षी अम्मीसाठी मोबाइल घ्यायला गेलो होतो. हप्त्यावर घ्यायचे ठरले. काउंटरवरच्या मुलाने अम्मीच्या आधारचा फोटो काढला, तोही स्वतःच्या फोनवर. मग नवा फोन हातात घेऊन तो भराभर ‘अलाऊ, अलाऊ’ दाबत गेला. कॉन्टॅक्ट, लोकेशन, कॅमेरा, मेसेज. मी विचारले, “बेटा, हे काय आहे?” तो म्हणाला, “काही नाही चाचा, सगळ्यांचंच असं असतं.” अम्मी शेजारी बसून हसत होती. तिला वाटत होते की मुलगा तिचे काम सोपे करतो आहे. आठवड्याभरात तिला कर्ज देणाऱ्यांचे आणि विमा विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. अम्मीचे नाव घेऊन, अगदी आदराने. ती मला विचारते, “हे लोक मला ओळखतात कसे?” मी काय उत्तर देऊ?

त्या मुलाचा मला राग नाही. त्याला रोजचे टार्गेट असते. रागावण्यासारखे आहे ते त्याचे वाक्य: सगळ्यांचेच असे असते. याच एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे.

हा नुसता माझा संशय नाही. २०१७ मध्ये एअरटेलच्या ग्राहकांनी मोबाइल नंबर आधारशी जोडण्यासाठी अंगठा दिला, आणि त्याच अंगठ्यावर त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांची खाती उघडली गेली. गॅसची सबसिडी या खात्यांत जाऊन पडू लागली. ज्यांच्या नावाने खाते होते, त्यांना ते आहे हेच ठाऊक नव्हते. असे ग्राहक ३१ लाखांहून अधिक आणि रक्कम सुमारे १९० कोटी रुपये असल्याचे तेव्हा बातम्यांत आले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा पडताळणीचा परवाना काही काळ थांबवला आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला. गॅसच्या सबसिडीची वाट पाहणारी ही बाई कोण असते? तीच, जिच्यासाठी टेंभलीत मांडव घातला गेला होता.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, “आपण काय चोर आहोत? आपल्याला लपवायचे काय आहे?” आपल्या मोहल्ल्यात हे मी सर्वांत जास्त ऐकतो. त्यांना मी ‘मुस्लिम प्रो’ची गोष्ट सांगतो. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे हे अ‍ॅप जगभर कोट्यवधी लोकांनी घेतले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ने उघड केले की या अ‍ॅपमधून वापरकर्त्यांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते, आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. आपण लष्कराला माहिती विकत नाही, असे अ‍ॅपच्या कंपनीने सांगितले. पण एक्स-मोडशी संबंध मात्र लगेच तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडच्या वारसदार कंपनीला अशी संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली.

आता सांगा, नमाज पढणे ही काय लपवण्याची गोष्ट आहे? मिनारावरून अजान होते, सगळे गाव ऐकते. तरीही कोणता माणूस किती वाजता कोणत्या मशिदीत असतो, याची नोंद ठेवून ती विकण्याचा हक्क कुणाला कुणी दिला? लपवणे वेगळे आणि खासगी असणे वेगळे. आपल्या घरात चोरीचा माल नसतो, म्हणून आपण दार सताड उघडे ठेवून झोपत नाही. कुणाच्या घरी जाताना आपण आधी सलाम करतो, इजाजत मागतो, उत्तर आले नाही तर परत फिरतो. ही साधी रीत जी आपल्या मुलांना शिकवतो, ती कंपन्यांना लागू नाही काय?

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना टिकली, पण खासगी कंपन्यांना आधार मागण्याची वाट न्यायालयाने बंद केली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी ती ‘ऐच्छिक’ या नावाने पुन्हा उघडली. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत. या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. मराठी त्यात आहे, उर्दूही आहे. भिली नाही, पावरी नाही, अहिराणीही नाही. म्हणजे पहिला आधार ज्या जिल्ह्यात दिला, तिथल्या सातपुड्यातल्या माणसाला त्याच्या भाषेत विचारण्याचे बंधन आजही कुणावर नाही.

खुद्द सरकारचाही गोंधळ कमी नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सावध केले की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. दोन दिवसांत केंद्र सरकारने ती सूचना मागे घेतली. कारण काय, तर लोक चुकीचा अर्थ काढतील. मला तरी तो सल्ला बरोबरच वाटतो.

अंगठ्याला कुलूप लावण्याची सोयही आहे. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते, मग चोरलेल्या ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही. पण ते कुलूप असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालत नाही. प्रत्येक वेळी आधी उघडावे लागते. स्मार्टफोन, नेटवर्क आणि मुलगा-मुलगी जवळ असेल, तर हे जमते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज शोधत टेकडी चढणाऱ्या म्हातारीने ते कसे करायचे? ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. माझी खरी हरकत इथे आहे. भुकेल्या माणसाने दिलेली संमती ही संमती नसते, ती लाचारी असते.

म्हणून उरलेल्या आपण, ज्यांना वाचता येते, ज्यांचे पोट आजच्या अंगठ्यावर अवलंबून नाही, निदान आपण तरी विचारायला हवे. कपड्याच्या दुकानात बिलासाठी नंबर मागितला, तर नाही म्हणा; नंबर देण्याची सक्ती करू नका, असे ग्राहक मंत्रालयाने दुकानदारांना २०२३ मध्येच सांगितले आहे. कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट मागितले, तर देऊ नका. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्यांना मनाई केली आहे. दुकानदार फोटो काढत असेल, तर आपल्यासमोर डिलीट करायला सांगा. तो तोंड वाकडे करेल, करू द्या.

अम्मीच्या फोनमधल्या सगळ्या परवानग्या मी एका रात्री बसून बंद केल्या. तो सगळा वेळ ती शेजारी बसून बघत होती. शेवटी म्हणाली, “इतकं सगळं त्यांनी मला न विचारता घेतलं होतं?” तिला शाळा चौथीपर्यंतची. पण ‘कशासाठी?’ या प्रश्नापर्यंत ती एका रात्रीत पोहोचली. आपण पोहोचायला अजून किती वर्षे घेणार आहोत?