चौथा चेहरा

परवा शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई घरूनच काम करत होती. मी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर ओळीने पाच चेहरे. रडका, हिरमुसलेला, मख्ख, बरा आणि दात काढून हसणारा. वर प्रश्न: या आठवड्यात तुम्हाला कसं वाटलं? तिने विचारसुद्धा न करता चौथा दाबला. (आठवड्यात दोन रात्री दीड वाजेपर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. माझी झोप सावध आहे, म्हणून माहीत.)

"अगं, खोटं कशाला लिहिलंस?"

"अहो आई, पाचवा दाबला की वाटतं हिला अजून काम झेपेल. दुसरा दाबला की एचआरचा फोन. चौथा सेफ असतो."

"पण नाव कळत नाही ना त्यांना?"

"तसं म्हणतात. आमची टीम सहाच जणांची आहे."

मंडळी, मी ३१ वर्षं शाळेत काढली. गोपनीय अहवाल आम्हालाही होता, टाचणवही तपासली जायची, दिपोटी आले की छातीत धडधडायचं. पण समजा, मुख्याध्यापकांनी तो अहवाल समोर उघडा ठेवून विचारलं असतं, "बाई, काही त्रास नाही ना?" तर कोण "आहे" म्हणाली असती? हे ॲप नेमकं तेच करतं. दिवसभर किती वेळ बसलात, किती कामं उरकलीत हे टिपायचं आणि शुक्रवारी त्याच तोंडाने मायेने विचारायचं, कशी आहेस?

हे काही आमच्याच घरचं रडगाणं नाही. २०२१ साली ॲमेझॉनने आपल्या गोदामांसाठी 'ॲमेझेन' नावाची टपरीएवढी खोली काढली. एकट्याने आत जायचं, संगणकावर ध्यानाचे व्हिडिओ बघायचे. लोक इतके हसले की कंपनीला जाहिरातीचा व्हिडिओ काढून टाकावा लागला. याच कंपनीच्या फ्रान्समधल्या गोदामांबद्दल तिथल्या 'सीएनआयएल' या सरकारी संस्थेने २०२४ च्या जानेवारीत ३ कोटी २० लाख युरोंचा दंड जाहीर केला. कामगाराच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटं गप्प राहिला तरी नोंद व्हायची आणि एका वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी स्कॅन केली तरी चुकीची नोंद! कंपनीला ते निष्कर्ष मान्य नव्हते. पण थांबलात तरी चूक, घाई केलीत तरी चूक, अशा ठिकाणी ध्यान कसलं डोंबलाचं करणार?

आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, आकडे नसले की साहेबाच्या पुढेपुढे करणाऱ्याला बढती मिळते." खरं आहे, मीही ते पाहिलंय. मग मोजा ना! रात्री दहानंतर साहेबाने किती मेल धाडल्या ते मोजा, चार माणसांचं काम किती जणांत वाटलं ते मोजा. ते आकडे कुणाच्या पडद्यावर दिसतात? दमलेल्या माणसाच्या हातात श्वासाचे व्यायाम ठेवायचे, म्हणजे ताण हा त्याच्या छातीतला दोष ठरतो आणि कामाचा ढीग जागचा हलत नाही. विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डच्या संशोधकाने ब्रिटनमधल्या ४६,३३६ नोकरदारांची माहिती तपासली, २०२४ साली ते छापून आलं. असली ॲपं आणि ध्यानाचे वर्ग घेणारे आणि न घेणारे, यांच्यात बरं वाटण्याच्या बाबतीत त्याला फरक सापडला नाही. अपवाद एकच, स्वयंसेवेच्या कामाला जाणारे.

असो. त्या दिवशी सूनबाईकडून फोन मागून घेतला आणि 'काम जास्त आहे' असं म्हणायला कुठे बटण आहे का, ते चष्मा लावून शोधलं. नाही. चार मिनिटांचा श्वासाचा व्यायाम आहे. तो पुरा केला की दहा गुण मिळतात. त्या गुणांचं पुढे काय होतं, ते तिलाही माहीत नाही.