जोड्याचे नाव आणि धावकाचा पाय

काशीच्या अमृतराव घाटाच्या ओल्या दगडी पायऱ्यांवर पाऊल ठरते ते जोड्याच्या तळाच्या पकडीने. त्यावरील नावाने नव्हे. धावण्याचे जोडे निवडतानाही हीच कसोटी लावली पाहिजे. तथापि पुष्कळ धावक एकदा पसंत केलेली छाप सहसा सोडीत नाहीत.

ही निष्ठा सर्वथा निराधार नाही. ओळखीच्या साच्याचा जोडा पायाला मानवतो. परंतु कारखाने तळ व साचा वरचेवर बदलतात. कायम राहते ते केवळ नाव.

जोड्याच्या रचनेने वेग वाढू शकतो, हे खरे. जाड, लवचिक फोम पावलाच्या दाबातील काही शक्ती परत देतो. म्हणूनच २०२० मध्ये रस्त्यावरील स्पर्धांसाठी तळाच्या जाडीला ४० मिलिमीटरांची मर्यादा घालण्यात आली. पण हा लाभ सर्वांस सारखा नसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात निष्णात केनियन धावकांना असे जोडे देऊन पाहिले. सपाट जोड्यांच्या तुलनेने लाभ ११.४ टक्क्यांपर्यंत, तर तोटाही ११.३ टक्क्यांपर्यंत आढळला.

तेव्हा प्रत्येकाने आपल्या पायाने, आपल्या धावण्याच्या भूमीवर पळून पाहावे आणि मगच निवड करावी. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला आणि १९६४ मध्ये टोकियोची जोडे घालून. महागडे नाव परवडत नाही म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने मैदानच सोडावे, ही खरी हानी होय.